दार-ए-सलाममधे माकोंडे शिल्पं बघायला आणि घ्यायला जाताय तर...

बहुतेक लोक सफारी नाहीतर झांझिबारच्या वाटेवर दार-ए-सलामला एक रात्र झोपतात नि निघतात. लाकडाच्या कोरीवकामाचा नाद असेल तर इथे दोन दिवस ठेवाच. माकोंडे लोक मूळचे उत्तर मोझांबिकमधल्या मुएडा पठारावरचे आणि रुवुमा नदीच्या अलीकडच्या दक्षिण टांझानियातले, आणि काळ्याभोर लाकडातलं जे काम जगभर आफ्रिकन शिल्प म्हणून विकलं जातं त्यातलं कितीतरी यांच्या हातचं किंवा यांची नक्कल असते.

आधी म्युझियम, मग बाजार. क्रम उलटा करू नका, कारण डोळा तयार नसेल तर बाजारात सगळंच भारी वाटतं. शाबान रॉबर्ट स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम निवांत बघा. इथूनच १९८४ साली चोरी झाली, त्यातला एक माकोंडे मुखवटा पॅरिसमधे विकला गेला आणि जिनिव्हाच्या बार्बिए-म्युलर म्युझियमकडे पोचला, तो परत मिळायला २०१० उजाडलं. एवढ्या नावाजलेल्या संग्रहात चोरीचा माल शिरू शकतो तर आपली काय कथा, म्हणून जुनी वस्तू कुठून आली याचा कागद नसेल तर मी हात लावत नाही.

खरा जुना मुखवटा म्हणजे मापिको. तो तोंडावर बांधत नाहीत, टोपासारखा डोक्यात घालतात नि त्याच्या तोंडाच्या फटीतून बाहेर बघत नाचतात, मुलं वयात येतात तेव्हाच्या सोहळ्यात. लाकूड हलकं, डोक्याला खरे केस चिकटवलेले, गालावरचं गोंदण मधमाशीच्या मेणाने उठवलेलं. बाजारात एका दुकानात असाच एक 'आजोबांच्या वेळचा' म्हणून पुढे आला. आत हात घातला तर कडा टोचत होत्या, घामाचा डाग नाही, जिथे कपाळ टेकणार तिथे लाकूड कोरं, आणि बाहेरून मात्र सगळीकडे सारखाच काळपट धूर. वापरलेली वस्तू अशी सगळीकडे सारखी कधीच जुनी होत नाही, म्हणून मुखवटा नेहमी आतून बघा.

बाजार म्हणजे म्वेंगे. शहराच्या उत्तरेला, दालादालाने म्हणजे तिथल्या मिनीबसने किंवा बजाजी रिक्षाने जाता येतं, सकाळी लवकर गेलात तर बरं. पुढे दुकानं आणि मागच्या बाजूला कारागीर जमिनीवर बसून, ओंडका पायाने दाबून वाकसाने तासत असतात. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढला. एकाने एकाच खोडातून एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं काढली होती, ही उजामा शैली, आणि शेजारी शेतानी, म्हणजे भुताखेतांची वेडीवाकडी सुंदर शरीरं, जी १९५० च्या दशकात सामाकी लिकांकोआ या कारागिरामुळे पुढे आली. ही परंपरा जिवंत आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की खोट्या 'अँटिक'वर पैसे घालण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाचं नवं काम घ्या, त्याचं नाव, गाव नि तारीख त्याच्याकडून लिहून घ्या. पन्नास वर्षांनी संग्रहाला किंमत येईल ती त्या चिठ्ठीने.

या काळ्या शिल्पांचं लाकूड म्पिंगो, आपल्या शिसवाच्याच कुळातलं. झाड मोठं व्हायला ७०-१०० वर्षं लागतात. ओळख सोपी आहे, छोटा तुकडासुद्धा हाताला जड लागतो आणि पाण्यात बुडतो. साध्या लाकडाला बूटपॉलिश लावून देणारेही भेटतात, तेव्हा बुडखा उलटा करून नखाने खरवडा. कडेला पिवळट पट्टा दिसला तर घाबरू नका, ते बाहेरचं कच्चं लाकूड, बरेच कारागीर मुद्दाम ठेवतात. घासाघीस होतेच, पण कारागिराकडे फार ताणू नका.

परतीचं आधी ठरवा. जुन्या पारंपरिक वस्तू आणि १९४० पूर्वीची कोरीव दारं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नव्या कामाचीही पावती घ्या, त्यावर 'नवीन हस्तकला' असं लिहून घ्या. म्पिंगोची जात २०१७ पासून साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, तयार वस्तूंना एका खेपेत १० किलोपर्यंत सूट आहे, त्याहून जड खांब घ्यायचा असेल तर आधी कागदपत्रं बघा. हस्तिदंत, कातडं, पिसं लावलेलं काही घेऊच नका.

घरी आणल्यावर लगेच एसीत किंवा उन्हात ठेवू नका, तडकतं. सुती कापडात गुंडाळून काही आठवडे सावलीत राहू द्या, मगच बाहेर काढा, आणि तेल अजिबात चोळू नका. जायचं तर जून ते ऑक्टोबर, मार्च ते मे जोरदार पाऊस असतो आणि म्वेंगेतली उघड्यावरची कामं तेव्हा नीट बघायला मिळत नाहीत.