आधी रुग्ण, मग एमआरआय : आमच्या मणका उपचार केंद्राची वाटचाल

मी मुळात अस्थिरोगतज्ज्ञ. पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवातीची वर्षे मोडलेली हाडे जुळवण्यात गेली, आणि त्या कामात एक्स-रे पाहिला की रुग्णाला कुठे आणि कशामुळे दुखते याचे उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळत असे. मणक्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेऊ लागलो तेव्हा ही खात्री टिकली नाही. फिल्मवर मोठी बिघाडाची खूण असलेला माणूस आरामात चालत येई, आणि जेमतेम सरकलेल्या चकतीचा (दोन मणक्यांमधल्या गादीचा) रुग्ण खुर्चीत बसू शकत नसे. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी चकतीमुळे नस दबून पायात कळ जाते हे शस्त्रक्रियेच्या आधारे मांडले. त्यानंतर शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला, मणके एकमेकांना जखडून ठेवणारे पेडिकल स्क्रू आले, एमआरआय आले, पण चित्र आणि वेदना यांची जुळणी लावण्याचे काम डॉक्टरकडेच राहिले. आमचे केंद्र उभे राहिले ते या एका कामाभोवती.

सुरुवातीला जागा लहान होती आणि माणसेही मोजकीच. तरी पहिल्या दिवसापासून एक नियम ठरवला, तो आजही मोडलेला नाही : रुग्णाची हकीकत ऐकून आणि त्याला तपासून होईपर्यंत एमआरआयचे पाकीट उघडायचे नाही. काही रुग्णांना हे खटकते, विशेषतः अहवालातील शब्दांनी आधीच धास्तावून आलेल्यांना. त्यांची भीती खरी असते, म्हणूनच त्यांना मी सांगतो की पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा जो एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली होती. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते, आणि तिचा अहवालात उल्लेख आहे एवढ्यावरून कुणाच्याही पाठीवर सुरी चालवता येत नाही.

तपासणीला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. दुखणे कमरेत थांबते की मांडीमागून पोटरीत आणि पावलापर्यंत उतरते, खोकल्यावर कळ वाढते का, रात्री झोपेतून जाग येते का, ताप किंवा वजनात घट आहे का, हे सारे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी झाली असेल तर कमरेच्या पाचव्या नसेकडे लक्ष जाते. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली असेल तर तिच्या खालच्या नसेकडे. वयस्क रुग्ण जेव्हा सांगतो की थोडे चालल्यावर पाय जड होतात आणि पुढे वाकून उभे राहिले की बरे वाटते, तेव्हा मणक्यांमधली नसा जाण्याची पोकळी अरुंद झाल्याची शंका फिल्म पाहण्याआधीच येते. सर्वांत जास्त हुकणारे निदान मात्र मानेचे आहे. शर्टाची बटणे लावता येत नाहीत, अक्षर बिघडले आहे, चालताना तोल जातो, पण मान फारशी दुखत नाही, असा रुग्ण वयामुळे होत असेल म्हणून घरी थांबतो आणि दरम्यान मज्जारज्जूवरचा दाब वाढत जातो. शक्यतो शस्त्रक्रिया टाळावी असे मी बहुतेकांना सांगत असलो, तरी या रुग्णाच्या बाबतीत वाट पाहणे हेच धोक्याचे असते.

केंद्राचा विस्तार करताना पहिली नेमणूक दुसऱ्या शल्यचिकित्सकाची न करता फिजिओथेरपिस्टची केली. चकती सरकून पायात कळ जाणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना औषधे, माफक हालचाल आणि व्यायाम यांनी काही आठवड्यांत आराम पडतो. त्या आठवड्यांत त्यांना आधार देणारे माणूस केंद्रातच हवे होते. दिवसाला पाहायच्या रुग्णांची संख्या आम्ही मर्यादित ठेवली, त्यामुळे उत्पन्न हळू वाढले. आमच्याकडे कोणाचेही मानधन शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरत नाही, आणि माझ्या मते मणक्याच्या उपचारांत ही बाब कोणत्याही यंत्रसामग्रीइतकीच महत्त्वाची आहे.

फोन घेणाऱ्या सहकाऱ्यांनाही आम्ही प्रशिक्षण दिले आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही कानावर आले तर पुढची तारीख न देता रुग्णाला तत्काळ बोलावले जाते, कारण कमरेखालच्या नसांचा जुडगा दबला असेल तर तासांचाही फरक पडतो.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी मात्र आम्ही घाई करत नाही. नस मोकळी केल्यावर पायाची कळ जाण्याची शक्यता चांगली असते, कमरेच्या दुखण्याबाबत तेवढे खात्रीने बोलता येत नाही, बधिरपणा सावकाश जातो आणि कधी काही अंशी राहतो, चकती पुन्हा सरकू शकते, हे रुग्णासमोर आणि त्याच्या घरच्यांसमोर स्पष्ट बोलले जाते. मणके जोडायचे असतील तर धूम्रपान आधी थांबवावे लागते, कारण तंबाखूच्या धुरामुळे हाड जुळण्यात अडथळा येतो.

आता माझ्यासोबत एक तरुण शल्यचिकित्सकही काम करतात. आठवड्यातून एकदा आम्ही, फिजिओथेरपिस्ट आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसतो आणि प्रत्येक नियोजित शस्त्रक्रियेची कारणे मांडतो. त्या खोलीत कोणाची एकाची जरी शंका फिटली नाही, तरी रुग्णाला पुन्हा तपासल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख दिली जात नाही.