नफा वाढला तरी शेअर पडतो कसा काय ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हे उत्तर मी तोंडीच देत असतो. नवी पेठेत माझं म्युच्युअल फंडाचं छोटं ऑफिस आहे, कंपन्यांच्या तिमाही नफ्या-तोट्याच्या रिझल्टचा सीझन आला की कुणीतरी मोबाईल पुढं करतंच, "सर, नफा वाढलाय म्हणतेत आणि शेअर आपटलाय, काय घोळ आहे का?" घोळ बहुतेक वेळा नसतो.

जानेवारी २०२४ चं बघा. एचडीएफसी बँकेचा तिमाही नफा वर्षभरापूर्वीपेक्षा ३३ टक्क्यांच्या वर गेला आणि दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. आता त्या ३३ टक्क्यात एक मेख होती, वर्षभरापूर्वीच्या आकड्यात एचडीएफसी लिमिटेड ही घरकर्ज देणारी कंपनी धरलेलीच नव्हती, ती बँकेत विलीन झाली जुलै २०२३ मध्ये. मोठ्या फंडवाल्यांना हे माहीतच होतं, ते बघत होते ठेवी किती वाढल्या आणि व्याजातलं मार्जिन (कर्जावर मिळणारं व्याज आणि ठेवींवर द्यावं लागणारं व्याज यातला फरक) सुधारलं का, आणि ते काय मनासारखं दिसलं नाही, त्यामुळं पुढच्या वर्षांचा जो नफा धरून त्यांनी भाव दिला होता तो हिशोबच हलला.

आपल्या मार्केट यार्डात कांदा घेऊन जाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, पिशवीतला कांदा तोच, वजन तेच, पण लिलावातली बोली धाडकन खाली, कारण व्यापारी पैसे मोजतो ते पुढं तो माल कुठं आणि कितीला खपेल त्याचे.

म्हणून बातमी चांगली की वाईट यापेक्षा लोकांनी काय धरलं होतं ते जास्त महत्त्वाचं. ३ जून २०२४ ला लोकसभेचे एक्झिट पोल बघून सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट चढला, आणि ४ जूनला मतमोजणी सुरू झाल्यावर ४,३८९ पॉइंट उतरला. सरकार तेच आलं की ओ! फक्त जागा धरल्या होत्या त्यापेक्षा कमी आल्या.

दुसरी गोष्ट अनिश्चितता, आणि ही लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. समजा एक शेअर तुम्हाला कायम दरवर्षी १० रुपये देणार आहे आणि तुम्ही १० टक्के परताव्यावर खूश आहात, तर तुम्ही त्याला १०० रुपये द्याल. उद्या तुम्हाला धाकधूक वाटायला लागली, म्हणालात एवढ्या रिस्कला मला १२ टक्के तरी पाहिजेत, की तोच शेअर ८३ रुपयांचा. कंपनीत कायसुद्धा बदललं नाही, नुसती भीती १७ रुपये खाऊन गेली.

२३ मार्च २०२० ला कोरोनाच्या भीतीनं हेच मोठ्या प्रमाणावर झालं, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. आणि नंतर एप्रिल-जूनचे जीडीपीचे आकडे भयंकर आले तरी बाजार चढतच गेला, जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० ला टेकला. मला वाटतं मार्चमध्ये लोकांना किती वाईट होणार याचा अंदाजच बांधता येत नव्हता, नंतर वाईटाचा का होईना पण आकडा तरी हातात आला (शिवाय व्याजदरही उतरले होते).

मात्र सगळा भाव असा शहाण्या हिशोबानं ठरतो असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. रॉबर्ट शिलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की कंपन्यांचा लाभांश जेवढा हलतो त्याच्या मानानं भाव फारच जास्त हलतात.

मग हमखास पुढचा प्रश्न येतो, बाजारानं काय धरलंय ते आधी कळणार कसं? नीट कळत नाहीच. टीव्हीवरचे "हे आधीच डिस्काउंट झालं होतं" (म्हणजे भावात आधीच धरलं होतं) म्हणतात ते संध्याकाळी, सकाळी सव्वानऊला बाजार उघडायच्या आधी सांगा की. मी आपला एवढंच बघतो की रिझल्टच्या आधीच्या दोन-तीन महिन्यात शेअर किती पळालाय आणि पीई (शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट भाव आहे तो आकडा) त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर आहे, दोन्ही चढलेले असतील तर नफा वाढला म्हणून घ्यायला धावू नका असं सांगतो. ऐकतात थोडेच.