पीएचच्या मागं पळू नका, आधी अल्कलिनिटी बघा

एप्रिल लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन ठरलेला, "पाणी हिरवं पडलंय, काय टाकू?" आमच्या कोल्हापुरात पन्हाळा रोड, गगनबावडा रोड, सगळीकडं शेतातल्या घरात आता छोटे स्विमिंग पूल झालेत, कुणी वीकेंडला भाड्यानं द्यायला बांधलाय तर कुणी पोरांच्या हौसेला, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहून आलेल्या वीरधवल खाडेच्या गावात ही हौस असणारच की. बांधणारा माणूस फिल्टर बसवतो, क्लोरीनच्या दाण्यांची एक बादली ठेवतो, "रोज एक मूठ टाका" म्हणतो आणि जातो. मूठ कुणाची आणि पाणी किती, हे कोण विचारतच नाही.

तर पहिलं काम म्हणजे पाणी किती ते काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला हजारानं गुणा. ८ बाय ४ चा पूल, खोली सरासरी सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर. पीपीएम म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग, तर एवढ्या पाण्यात १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम. बास, पुढचं सगळं ह्या आकड्यावर चालतं.

आता खरा मुद्दा. जो तो पीएच बघतो, म्हणजे पाणी किती आंबट आणि किती खारट-अल्कली ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आंबट, वर अल्कली. किटमध्ये लाल थेंब टाकला, रंग गडद गुलाबी आला, म्हणजे पीएच ८ च्या आसपास, की ओत अ‍ॅसिड. दोन दिवसांनी परत गुलाबी, परत ओत. लोक म्हणतात पाणीच खराब आहे. पाणी खराब नाही हो, बोअरचं आहे! आपल्याकडच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, नळाच्या पाण्याचं तसं नाही. त्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यालाच टेस्टमध्ये टोटल अल्कलिनिटी म्हणतात. पूलला ती ८० ते १२० पीपीएम असावी आणि बोअरच्या पाण्याला २५०-३०० सहज निघते. कारंजं चालू असलं, पोरं उड्या मारत असली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वर चढतो, अल्कलिनिटी जेवढी जास्त तेवढा जोरात. म्हणजे तुम्ही रोज अ‍ॅसिड टाकून जे खाली ओढताय ते पाणी स्वतःच वर ढकलतंय.

अल्कलिनिटी म्हणजे घरातलं थोरलं माणूस समजा. सगळ्यांचं ऐकून पचवणारं, त्याच्यामुळं घरात आदळआपट होत नाही. पण तेच जास्त हट्टी झालं की कुणाचंच चालू देत नाही. आणि अगदीच कमी असली, ५०-६० च्या खाली, तर वाटीभर अ‍ॅसिडनं पीएच एकदम कोसळतो, स्टीलची शिडी, हीटर असलं तर त्याचं तांबं, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट, सगळं खायला लागतो.

उतरवायची कशी तर ४० हजार लिटरला १० पीपीएम उतरायला ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण पाऊण लिटर लागतं. एका दमात सगळं ओतायचं नाही. संध्याकाळी, पंप चालू ठेवून, आधी बादलीत पाणी घ्यायचं मग त्यात अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही, आणि फिरत फिरत कडेनं सोडायचं. पीएच ७.२ पर्यंत आला की थांबा, कारंजं लावा, पाणी खळाळू दे. गंमत अशी की त्या खळाळण्यानं पीएच वर येतो पण अल्कलिनिटी परत येत नाही. मग पुढचा हप्ता. असं करत ८०-९० ला आणून सोडलं की पीएच ७.४ ते ७.६ मध्ये बराच काळ गप बसतो. उलट वाढवायची असली तर खायचा सोडा, ४० हजार लिटरला १० पीपीएमसाठी साधारण पावणेसातशे ग्रॅम. धुण्याचा सोडा टाकला तर पीएचपण उडी मारतो, ते वेगळं काम.

पीएचचं एवढं कौतुक का, तर क्लोरीनची ताकद त्याच्यावर आहे. जंतू मारणारा असतो तो हायपोक्लोरस अ‍ॅसिडचा भाग. ७.५ ला साधारण निम्मा क्लोरीन त्या रूपात असतो, ८ ला चौथाईच्या आसपास उरतो. म्हणजे क्लोरीन तेवढंच, पैसे तेवढेच, पण काम अर्ध्यावर. फ्री क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी न जुळलेलं, कामाचं क्लोरीन, १ ते ३ पीपीएम ठेवा म्हणतात ते पीएच ताळ्यावर असेल तर.

आणि तो वास! "लई क्लोरीन झालंय, डोळे चुरचुरायलेत" असं पाहुणे म्हणतात आणि मालक घाबरून क्लोरीन बंद करतो. बहुतेक वेळा असतं उलटं. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल ह्याच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन बनतात, वास आणि चुरचुर त्यांची. उपाय म्हणजे रात्री भरपूर क्लोरीनचा दणका द्यायचा, जुळलेल्या क्लोरीनच्या साधारण दहापट, आणि आकडा खाली येईपर्यंत कुणाला उतरू द्यायचं नाही. ह्यात एक मेख आहे. पिवळा रंग येणाऱ्या थेंबांच्या किटमध्ये एकूण क्लोरीन दिसतं, कामाचं आणि निकामी सगळं मिळून. डीपीडी गोळीचं किट घ्या, त्यात फ्री वेगळं कळतं. थोडं महाग आहे पण पूल बांधायला एवढे लाख घातले तिथं ह्यात कंजुषी कशाला?

आमचे एक काका आहेत, ते असलं काही बोलायला लागलं की हसतात. "आम्ही रंकाळ्यात पाठीला डबा बांधून शिकलो, कुठलं पीएच आणि कुठलं काय." काकांना बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहितो, तळ्यात मासे असतात, वनस्पती असतात, पाण्याला आत-बाहेर वाट असते. पूल म्हणजे टाईल लावलेलं बंद डबकं, त्यात तेच पाणी फिरत राहतं, तिथं जे करायचं ते आपणच करायचं.

बादलीतले दाणे म्हणजे बहुतेक वेळा टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल), त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड येतं. हे थोडं पाहिजेच, ३० ते ५० पीपीएम, कारण मे महिन्याच्या उन्हात त्याच्याशिवाय बराचसा क्लोरीन एक-दोन तासांत उडून जातो. पण क्लोरीन संपतं आणि हे मागं साठत राहतं. प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनमागं हे ०.६ पीपीएम. रोज २ पीपीएम टाकलं तर महिन्यात ३६ ची भर. दोन-तीन महिन्यांत शंभराच्या वर गेलं की किटमध्ये क्लोरीन छान दिसतं आणि पाणी मात्र हिरवं, कारण क्लोरीन त्याच्याच मुठीत अडकलेलं. कुठलीही पावडर टाकून हे जात नाही, पाणी काढून नवीन भरायलाच लागतं. म्हणून ते ५० ला पोचलं की मी पातळ हायपोवर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवर, येतो, ते पीएच जरा वर नेतं, तेवढं सांभाळायचं.

हिरव्या पाण्यात मोरचूद टाकायची पद्धत आपल्याकडं फार आहे, विहिरीतली सवय. पूलला नको. त्यातलं तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की भिंतीवर हिरवट-काळे डाग धरतं. क्लोरीनचा दणका, ब्रशनं भिंती घासणं आणि फिल्टर रात्रंदिवस, ह्यानंच पाणी निवळतं.

ऊस हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवाणाची काजळी पाण्यावर पडते, ती केमिकलनं जात नाही, सकाळी जाळी मारायची. पावसाळ्यात पाणी भरून वाहतं तसं सगळंच पातळ होतं, अल्कलिनिटीसुद्धा, तेव्हा आठवड्याला बघा.

शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए एका डब्यात, एका मापानं, ओल्या हातानं कधी एकत्र आणायचं नाही, पेट घेतं, स्फोटसुद्धा होतो. अ‍ॅसिडचा कॅन त्या दोन्हींपासून लांब, दुसऱ्या खोलीत, कारण क्लोरीनशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. पंपाच्या शेडमध्ये सगळं एकावर एक रचून ठेवलेलं बघितलंय मी बऱ्याच ठिकाणी. आजच जाऊन वेगळं करा, आणि प्रत्येकाला स्वतःचं माप ठेवा.