फूल उलटं करून बघा

केप टाउनला सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे वसंत, आणि वसंत आला की आमच्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या संग्रहालयाच्या, व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर फोटो सुरू होतात ते थांबतच नाहीत. पिवळं फूल, हे काय? जांभळं फूल, कुत्र्याने खाल्लंय, काही होईल का? बहुतेक फोटो इतके हललेले असतात की फुलापेक्षा अंगठाच नीट दिसतो. पण त्या दिवशी सकाळी जो फोटो आला त्यात गुलाबी फुलांचं एक झुडूप होतं, त्याच्या मागे करवत घेतलेला एक पोरगा उभा होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "सिसी, हे तोडायचं का?"

पाठवणाऱ्या बाईंना मी ओळखत होते. परकी झाडं काढणाऱ्या एका टोळीच्या त्या सुपरवायझर, पन्नाशीच्या. आम्ही एकदा त्यांच्या लोकांना झाडं ओळखायचं ट्रेनिंग दिलं होतं तेव्हापासून त्यांच्याकडे हा नंबर. मला त्या सिसी म्हणतात, म्हणजे ताई, आणि मी त्यांना मामा, इथे वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आईच्या भावाशी काही संबंध नाही. मी फोन केला तर म्हणाल्या, कॉन्ट्रॅक्टरने दिलेल्या कागदावर ट्री मॅलोचा फोटो आहे, गुलाबी फूल, मधे गडद डाग, समुद्राकाठी वाढणारं झुडूप, आणि इथे उतारावर तशी झुडपं भरपूर आहेत, सकाळपासून तोडतोय, पण यातल्या काहींना हात लावला की हात चिकट होतो आणि काहींना होत नाही, म्हणून म्हटलं विचारावं.

हात चिकट होतो, हे ऐकलं आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागले. त्यांना म्हटलं, मामा, मी येईपर्यंत जे चिकटतंय ते तोडू नका.

आता ट्री मॅलो म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे मूळचं पश्चिम युरोपच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचं, माणसापेक्षा उंच वाढतं, पानं मोठी मऊ मखमली, बुंधा मनगटाएवढा, दोन-तीन वर्षं जगतं, भरपूर बी टाकतं आणि मरतं. खारा वारा आणि पक्ष्यांची विष्ठा दोन्ही त्याला मानवतं, त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या बेटांवर ते जोरात पसरतं. स्कॉटलंडला क्रेगलीथ नावाचं एक छोटं बेट आहे, तिथे पफिन पक्ष्यांच्या बिळांची तोंडंच या झाडांनी बंद केली आणि 2007 पासून स्वयंसेवक होडीने जाऊन तोडतायत. आमच्या केपच्या किनाऱ्यावरही हे आलेलं आहे. म्हणजे तोडायला आलेली टोळी काही चुकीच्या कामावर नव्हती, हे आधी स्पष्ट करते. नाहीतर लोकांना वाटतं की आम्ही बॉटनीवाले प्रत्येक झाडाला मिठी मारत फिरतो.

पण याच कुळातलं, म्हणजे आपली जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी ज्या कुळात येतात त्या माल्व्हेसीतलं, इथलं स्वतःचंही एक झुडूप किनाऱ्यावर असतं. नाव अ‍ॅनिसोडॉन्टिया स्कॅब्रोसा. केपपासून पूर्वेला क्वाझुलु-नाताळपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने मिळतं, आणि हात लावला की चिकटतं, मामांच्या हाताला चिकटत होतं ते हेच असणार. फूल गुलाबी, मधे गडद डाग, समुद्राकाठी वाढणारं झुडूप. कागदावरच्या वर्णनात तंतोतंत बसतं की नाही? तिथेच तर गोची होती.

पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते आणि दक्षिण-पूर्वेचा वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागला. पांढऱ्या वाळूतून वर आलेले ग्रॅनाइटचे मोठमोठे दगड, त्यांच्या आडोशाने झुडपं, आणि खाली तोडलेल्या फांद्यांचा ढीग. ढिगाशेजारी निळे ठिपके दिसत होते, तोडलेल्या बुंध्यावर जे झाड मारायचं औषध लावतात त्यात निळा रंग मिसळलेला असतो, कुठल्या बुंध्याला लावलं ते कळावं म्हणून. मी आधी ढिगाकडे गेले. वरच्या फांद्या ट्री मॅलोच्या होत्या, मोठी पानं लोंबलेली. खालून एक फांदी ओढली तर बोटं चिकटली आणि तो उग्र, थोडासा औषधी वास आला. काही झुडपं गेली होती तर. किती ते मी मोजलं नाही, मामांच्या समोर मोजावंसं वाटलं नाही.

मग काम सुरू. टोळीतले सगळे जेवणाच्या डब्यांसकट भोवती जमले, कॉन्ट्रॅक्टरचा एक माणूसही आला, हातात फोन, त्यावर झाड ओळखायचं अ‍ॅप. तो म्हणाला, मॅडम, अ‍ॅप दोन्हींना माल्वाच सांगतंय, म्हणजे एकच ना? मी म्हटलं फोटो वरून काढलात ना, फुलाच्या तोंडाचा? हो म्हणाला. तोंड बघून यांच्यात काही कळत नाही हो, फूल उलटं करून बघा.

दोन्हींची एकेक फांदी घेतली आणि फुलं पालथी केली. पाकळ्यांच्या मागे हिरवी निदलं असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण या कुळात बऱ्याच झाडांना त्याच्याही खाली अजून एक हिरवा फेरा असतो, त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. ज्यांनी अंबाडी निवडलीय त्यांनी बोंडाच्या बुडाशी तो बघितलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. तर ट्री मॅलोला या फेऱ्यात तीन रुंद पानं असतात, बुडाशी एकमेकांना जोडलेली, त्यामुळे फुलाखाली चक्क एक वाटी तयार होते, आणि फळ धरलं की ती अजून मोठी होते, निदलांच्याही बाहेर पसरते. चिकट झुडपालाही तीनच, पण अरुंद, सुट्टी, नखाने एकेक वेगळी करता येतात. करवतवाल्या पोराने दोन्ही फुलं हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्या आधीच म्हणाला, याला कप आहे, याला नाही. झालं की! माझं अर्धं लेक्चर वाचलं.

पण मला स्वतःची खात्री करायची होती म्हणून दहापट भिंग काढलं आणि मधला खांब बघितला. जास्वंदीत जो लांब दांडा बाहेर येतो ना, ज्याच्यावर पिवळे पुंकेसर चिकटलेले असतात, तो खांब या सगळ्यांना असतो, इथे फक्त बुटका. त्या खांबाच्या टोकातून कुक्षीवृंतांच्या बारीक दोऱ्या बाहेर पडतात. ट्री मॅलोत दोरी टोकापर्यंत बारीकच राहते आणि कुक्षी, म्हणजे जिथे पराग चिकटतो तो भाग, तिच्या आतल्या अंगाने खालपर्यंत उतरलेली असते. चिकट झुडपात मात्र प्रत्येक दोरीच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी एक गोल गाठ. वाऱ्यात फूल नुसतं थरथरत होतं, एकाने टोपी आडवी धरली, दुसऱ्याने फांदी, आणि मग एकेकाने भिंगातून ती गाठ बघितली. मामांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. भिंग परत देताना म्हणाल्या, इतकी वर्षं तोडतेय, कधी आत बघितलं नव्हतं.

ही गाठच या वंशाच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाच्या, सगळ्या भानगडीचं मूळ आहे, आणि भानगड मोठी मजेशीर आहे. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने 1753 ला केपचं एक असं झुडूप माल्वा कॅपेन्सिस म्हणून नोंदवलं, स्वतः केपला कधीही न येता, युरोपात पोहोचलेल्या झाडांवरून. त्याच्या हिशोबाने तीन सुटी एपिकॅलिक्स पानं म्हणजे माल्वा, जोडलेली असली तर लॅव्हॅटेरा. पुढे 1840 च्या दशकात प्रागच्या प्रेस्लने अ‍ॅनिसोडॉन्टिया हा वंश वेगळा काढला, पण तो फार कोणी मनावर घेतला नाही. 1860 च्या सुमारास हार्वे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्लोरा कॅपेन्सिस या केपच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही झुडपं माल्वास्ट्रममध्ये टाकली, कारण कुक्षीची गाठ! माल्वास्ट्रमलाही गाठ असते. फक्त माल्वास्ट्रम अमेरिकेचं. मग ज्यांच्या फळाच्या फाकेत एकापेक्षा जास्त बिया निघाल्या त्यातली काही अजून एका अमेरिकन वंशात, स्फेरॅल्सियात गेली. म्हणजे जन्माने आफ्रिकन आणि रेशनकार्ड अमेरिकेचं. शेवटी 1969 ला कॉर्नेलच्या डेव्हिड बेट्सने सगळा पसारा एकत्र मांडला, प्रेस्लचं नाव परत आणलं आणि दक्षिण आफ्रिकेतली ही सगळी मंडळी अ‍ॅनिसोडॉन्टियात बसवली. साधारण वीस जाती आहेत. आमच्या कपाटात जुने नमुने काढले तर एकाच कागदावर चार-चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या मिळतात, माल्वा, मग माल्वास्ट्रम, मग अजून काही, प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं अक्षर. मला त्या चिठ्ठ्या वाचायला आवडतं, खोटं कशाला बोलू, कधीकधी नमुन्यापेक्षा जास्त.

आणि दुसऱ्या बाजूची गंमत म्हणजे ट्री मॅलोचं नावही मधल्या काळात बदललं. ते जुनं लॅव्हॅटेरा, त्या जोडलेल्या वाटीमुळेच. 1990 च्या दशकात रे नावाच्या संशोधकाने डीएनए बघितला तेव्हा दिसलं की वाटी जोडलेली की सुटी यावरून लॅव्हॅटेरा आणि माल्वा वेगळे करताच येत नाहीत, दोन्हीकडचे एकमेकांत मिसळलेत. म्हणून ट्री मॅलो आता माल्वा आर्बोरिया. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर लॅव्हॅटेरा होतं आणि त्याच्या अ‍ॅपवर माल्वा, आणि त्या माणसाची अशी समजूत झाली होती की तोडायची झाडं ती लॅव्हॅटेरा आणि ही माल्वा वेगळी काहीतरी, पण अ‍ॅप दोन्हीला माल्वा म्हणतंय तर मग दोन्ही तोडा. त्याच्या जागी कोणीही गोंधळला असता. वंश ठरवायला ते वाटीचं लक्षण बाद झालं हे खरं, पण या उतारावर या दोन झुडपांना वेगळं करायला ते शंभर टक्के चालतं, आणि करवत हातात असताना वंशावळ कोण विचारतं.

तो मात्र ऐकेना. म्हणाला ही चिकट झुडपं पण नर्सरीतून पळालेली असतील, नर्सरीत असलं काहीतरी विकतात. हा प्रश्न चांगला होता, खरंच. नर्सऱ्यांमध्ये कॅपेन्सिसच्या, म्हणजे लिनियसच्या त्याच झुडपाच्या, नावाने जे विकलं जातं त्यातलं बरंच हायपोमाडारा नावाचं बागेत तयार झालेलं रोप असतं, स्कॅब्रोसा आणि कॅपेन्सिसचा संकर असावा असं मानतात. मग पुन्हा सगळं बघत बसले. जवळपास घरं नाहीत, बाग नाही, झुडपं दगडांच्या फटीत रुजलेली, लहान रोपांपासून जुन्या खोडापर्यंत सगळ्या वयाची, आणि भिंगाखाली देठावर लांब सरळ केस आणि त्यांच्यात टोकाला थेंब असलेल्या ग्रंथी, चिकटपणा त्यांचाच. फळंही मिळाली, वाळलेली. आपल्याकडे पेटारीचं फळ असतं ना, मुद्रा म्हणून लहानपणी शाईत बुडवून ठसे काढायचो ते, तीच रचना, चक्रासारख्या गोल मांडलेल्या फाका, फक्त खूप छोटी. फाका पाकिटात घेतल्या, फुलं अल्कोहोलच्या बाटलीत, आणि दोन्ही झुडपांच्या फांद्या तिथेच वर्तमानपत्रात दाबल्या. पाकळ्यांचा रंग लगेच वहीत लिहिला, कारण वाळल्यावर तो निळसर पडतो आणि मग पुढचा माणूस त्यावरून भलतंच काहीतरी ठरवतो. नमुने दाबताना वर्तमानपत्र उडून गेलं, क्रीडा पान समुद्राच्या दिशेने, दोन पोरं त्याच्यामागे पळाली.

दुपारी हर्बेरियमला फोन करून आमच्या वरिष्ठांना सगळं सांगितलं, फोटो पाठवले, यावेळी फुलाच्या बुडाचे. त्यांनी पण स्कॅब्रोसाच म्हटलं. मग लेखी दोन ओळींचं पत्र पाहिजे म्हणून कॉन्ट्रॅक्टर अडून बसला, ते मी बॉनेटवर वही ठेवून लिहून दिलं.

राहिलेलं काम टोळीने वाटून घेतलं. एक जण पुढे जाऊन पान चोळायचा आणि फूल उलटं करायचा, चिकट आणि सुट्टं असेल तर लाल-पांढरी पट्टी बांधायची, कप असेल तर मागचा उपटणार किंवा तोडणार. पट्टी तासाभरात संपली. मामांनी कोणाच्या तरी जुन्या चमकदार जॅकेटच्या चिंध्या केल्या, त्या बांधल्या. करवतवाला पोरगा इतका तयार झाला की पान न चोळता लांबूनच सांगायला लागला आणि मी चेक केलं तर बरोबर.

संध्याकाळी निघताना कॉन्ट्रॅक्टरचा माणूस परत आला. त्यांचं बिल साफ केलेल्या क्षेत्रफळावर असतं, आणि पट्ट्या बांधलेली झुडपं उभी राहिली तर साहेब म्हणणार एरिया साफ झालाच नाही, पैसे कापणार, मग ते कोणी भरायचे? मामा म्हणाल्या, सिसी, पत्रात तेही लिही. मी पुन्हा वही काढली आणि लिहिलं की उभी ठेवलेली झुडपं स्थानिक आहेत, ती जागा साफ केलेल्या क्षेत्रात धरावी. असं लिहायचा मला अधिकार आहे की नाही ते अजूनही कोणी सांगितलेलं नाही, पण बिल पास झालं.