दीड महिन्याची लस

बाळंतपणाला मी माहेरी, हर्णैला. पोलिओचा जन्माचा डोस लेकीला दवाखान्यातच पाजला होता. खरी धांदल दीड महिन्याला. उपकेंद्रात तोंडात पोलिओचे दोन थेंब, दोन्ही मांड्यांत एकेक सुई, वर उजव्या दंडात आणखी एक बारीकशी. ती पोलिओचीच, म्हटल्यावर आजी उखडली. "अगो, थेंब दिले ना? मग सुई कशाला?"

सिस्टरनी कुपी पुढे केली. लेबलवर गोल, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवरच लस द्यायची. गोलाइतका गडद झाला की समजायचं लस तापली, टाकून द्यायची. थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. पोलिओ विष्ठेतून, दूषित पाण्यातून पसरतो, त्याला हे थेंब आतड्यातच अडवतात. सुईत मारलेला विषाणू. त्याने रक्तात प्रतिकारशक्ती येते आणि आजार मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही. शिवाय २०१६ पासून थेंबांत पोलिओच्या तीन प्रकारांपैकी पहिला आणि तिसराच आहे, दुसऱ्यासाठी सुईच.

माझं समाधान झालं, आजीचं नाही. तिचा राग वेगळाच होता. काका लहान असताना तापला, कुणीतरी पायात सुई मारली आणि तोच पाय लुळा पडला. सुईनेच पाय गेला, हे तिच्या मनात पक्कं. सिस्टरनी शांतपणे सांगितलं, ताप पोलिओचाच होता. विषाणू अंगात असताना सुई टोचली तर त्याच पायात लकवा येण्याची भीती वाढते. पण सुईतून पोलिओ येत नाही. तेव्हा त्यावर औषध नव्हतं आणि आजही नाही. शेक, व्यायाम, मग पायाला आधार देणारा कॅलिपर. काका आजही कॅलिपर लावून बंदरावर जाळी दुरुस्त करायला जातो.

"आता पोलिओ आहेच कुठे?" हा काकाचा प्रश्न. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण २०११ सालचा, हावड्याचा. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, आणि माणसं काय एका जागी बसतात?

रात्री लेक तापली. सिस्टरनी दिलेलं पॅरासिटामॉल सांगितलं तेवढंच दिलं, सकाळी उतरला.

अडीच महिन्यांना पोलिओचे नुसते थेंब, साडेतीनला पुन्हा थेंब आणि सुई, दोन्ही इथेच झालं. नऊ महिन्यांची तिसरी सुई, या वेळी डाव्या दंडात, मुंबईला घ्यायची आहे. कार्ड मी कपड्यांच्या बॅगेत नाही, पर्समध्ये ठेवलंय.