गिअरबॉक्स मजबूत करताना आधी शाफ्टकडे पाहावे

तिसऱ्या गिअरचा तुटलेला एक दाता मी अजून टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. भिंगाखाली धरला की तुटलेल्या भागावर एका कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या, शिंपल्यावरच्या वलयांसारख्या बारीक रेषा दिसतात. त्यापुढचा भाग खडबडीत आणि रवाळ आहे. म्हणजे हा दाता एका फटक्यात तुटला नव्हता. मुळाशी पडलेली चीर प्रत्येक भाराबरोबर थोडीथोडी वाढत गेली आणि शेवटी उरलेल्या धातूला तो भार पेलवला नाही. मला खरे खटकले ते हे, की चीर दात्याच्या मध्यावर न पडता एका टोकाला पडली होती.

टर्बोचा दाब वाढवल्यावर गिअरबॉक्ससाठी अधिक कणखर पोलादाचा गिअरसंच घ्यावा, एवढाच माझा विचार होता. या दात्याने तो बदलला. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३०० न्यूटन-मीटर असेल आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ असेल, तर त्या जोडीतून बाहेर पडणारा टॉर्क १,०५० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. हा भार वाहताना दाते एकमेकांना केवळ फिरवत नाहीत, तर दोन्ही शाफ्टना परस्परांपासून दूर लोटतात, आणि तिरपे दाते असतील तर शाफ्टला त्याच्या अक्षाच्या दिशेनेही रेटतात. दोन टोकांच्या बेअरिंगवर टेकलेला शाफ्ट मधल्या भागात सर्वाधिक वाकतो आणि माझ्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरची जोडी नेमकी तिथेच आहे. शाफ्ट वाकला की पूर्ण रुंदीवर टेकायला हवेत ते दाते कडेवर टेकतात आणि सगळा भार त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. अशा स्थितीत महागडे पोलादही फक्त थोडे उशिरा तुटते.

त्यात उष्णतेची भर पडते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियमचे कवच, म्हणजे केसिंग, तापले की त्याच्या दोन भिंतींमध्ये बसवलेल्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगवरचा प्रीलोड, म्हणजे जुळणीच्या वेळीच दिलेला दाब, कमी होतो, आणि ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना, म्हणजे भार सर्वाधिक असताना, शाफ्ट सैल पडतो. म्हणून यावेळी सर्वाधिक वेळ मी शिम, म्हणजे बेअरिंगमागे बसवायची ठरावीक जाडीची पातळ चकती, निवडण्यात घालवला. डायल गेज लावायचा, शाफ्ट मागेपुढे ओढून शतांश मिलिमीटरचा फरक वाचायचा, शिम बदलायची आणि पुन्हा सगळे बसवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण गिअरबॉक्सचे आयुष्य इथेच ठरते, असे माझे ठाम मत आहे. ज्या गिअरबॉक्ससाठी शाफ्टला मध्ये आधार देणारी प्लेट मिळते, त्यात ती जरूर बसवावी.

त्यानंतर दात्यांचा विचार करावा. शॉट पीनिंगमध्ये बारीक गोळ्यांचा मारा करून दात्याच्या मुळाशी पृष्ठभागावर दाबाचा ताण साठवला जातो; चीर उघडायला ओढ लागते आणि हा दाब त्या ओढीला विरोध करतो. सरळ दात्यांचे गिअर शाफ्टला अक्षाच्या दिशेने रेटत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे, मात्र त्यांचा आवाज रोजच्या गाडीत सहन होण्यासारखा नसतो.

ऑईलबाबत निष्काळजीपणा करू नये. जीएल-५ दर्जाच्या ऑईलमधील गंधक-फॉस्फरसची द्रव्ये दात्यांचे रक्षण करतात, पण त्यांपैकी काही पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कडीला) घातक ठरतात. त्यामुळे उत्पादकाने जीएल-४ सांगितले असेल तर तेच घालावे. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कितीही चांगली सिंक्रो रिंग झिजणारच, हेही तपासून घ्यावे. इंजिन उंच आरपीएमवर ठेवून क्लच एकदम सोडला, तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका क्षणात दात्यांवर आदळते आणि तो धक्का इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. ती सवय मी पूर्ण सोडली आहे.

जुळणी पूर्ण करण्यापूर्वी दात्यांना मार्किंगचा निळा रंग लावून, शाफ्टला हलका रोध देत हाताने फिरवून पाहिले. पूर्वी कडेला येणारा ठसा यावेळी दात्याच्या मधोमध, जवळजवळ पूर्ण रुंदीभर उमटला आणि मगच मी केसिंग बंद केले.