यादीतलं गाव

आमच्या पेपरातले दादा गेले तेव्हा आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून बँकेत ठेव केली. तिच्या व्याजातून दरवर्षी पत्रकारितेच्या एका विद्यार्थ्याला 15 हजार रुपये देतो. खोलीभाडं आणि मेसचे दोन-तीन महिने निघतात, तेवढंच. मार्कशीट मागत नाही, स्वतः फिरून लिहिलेली एक बातमी मागतो. बहुतेकांची नागपूरच्या मेट्रोवर नाहीतर फुटाळा तलावावर असते, आणि खोलीत बसून लिहिलेली दुसऱ्या ओळीतच ओळखू येते.

यंदा एक अर्ज बर्डीच्या पुलावर होता. मुलीनं पुलाखाली उभं राहून चाळीस जणांना पुलाचं नाव विचारलेलं. ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असं पूर्ण नाव फक्त तिघांनी सांगितलं. त्यातला एक चहावाला. मी तीस वर्षं पत्रकारितेत काढली, मीही ‘बर्डीचा पूल’च म्हणतो.

मुलाखतीला ती आमच्याच जुन्या अंकाची झेरॉक्स घेऊन आली. 23 नोव्हेंबर 1994 ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात अडवला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही मागणी. सरकारी यादीत ‘गोंड गोवारी’ असं छापलेलं; त्या दोन शब्दांचा अर्थ काय, गोवारी त्यात येतात का, यावर नागपूर खंडपीठानं 2018 मध्ये एक निकाल दिला आणि सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये तो फिरवला. मोर्चाच्या त्या संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. 114 जीव गेले, बहुतेक बाया आणि लेकरं.

झेरॉक्सवर मृतांची यादी होती. एका नावाखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली.

“ही माझ्या आजीची बहीण. गाव बरोबर आहे, तालुका चुकला. घरच्यांनी एसटी स्टँडवर पेपर वाचला. तालुका दुसरा दिसला, म्हणून आपली नाही समजून घरी गेले. दोन दिवसांनी कळलं.”

आमच्यातले एक सदस्य हसत म्हणाले, “बाई, दादांच्या नावाची शिष्यवृत्ती मागतेस आणि दादांचीच चूक काढतेस?”

“चूक कोणाची ते माहीत नाही सर. मले फक्त दुरुस्ती छापली का ते पाहाचं होतं. पुढच्या पंधरा दिवसांचे अंक पाहिले. नाही दिसली.”

माझ्या हातातला चहा निवून गेला होता. दादा त्या रात्री दवाखान्यातून फोनवर नावं सांगत होते. लाइन खरखरत होती, मागे रडारड. मी शिकाऊ, मी उतरवून घेत होतो. नाव, वय, गाव. तालुका दादांनी सांगितलाच नव्हता. त्या नावाचं एक गाव मला माहीत होतं, तिरोडा तालुक्यात, माझ्या मावशीच्या शेजारचं. रकाना रिकामा दिसत होता. मी भरला.

‘माहीत नसेल तिथं जागा सोड, बावा,’ हे दादा दिवसातून दहादा म्हणायचे. त्या रात्रीही म्हणाले असतील. मला आठवत नाही, आणि आठवत नाही हे सोयीचं आहे हेही मला कळतं.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मुलगी काहीच बोलली नाही, झेरॉक्सची घडी घालत राहिली. शिष्यवृत्ती कोणाला, यावर पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. निघताना तिनं विचारलं, “सर, आता छापता येते का दुरुस्ती?”

संपादक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. फोनवर आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाला, 23 नोव्हेंबरच्या अंकात घेऊ, चार ओळी द्या.

मी तिथंच लिहायला बसलो. नाव झेरॉक्सवरून उतरवलं, गाव उतरवलं. तालुका मात्र तिला विचारला, आणि तिनं ‘साकोली’ म्हटल्यावर पुन्हा एकदा विचारला.